मामांनी पास केलेलं कॉलेज

मामांना जाऊन आता वर्ष होईल. सरळ उत्तर त्यांनी आयुष्यात कुणाला दिलं नाही. नागापूरच्या कारखान्यात उभा जन्म माल तपासण्यात गेलेला. भाजी कशी झालीय, या प्रश्नालाही आधी तोटे सांगणार, मग फायदे. मामींनी विचारणंच सोडून दिलं होतं.

साहजिकच मला मिळालेलं मेडिकल कॉलेज तपासायचं काम त्यांच्याकडे आलं. कॉलेज जिल्ह्यातलंच, नवंकोरं. मामा संध्याकाळी खुशीत परतले. "तोटे हायेत. होस्टेलला पानी न्हाई, मेसची आमटी पातळ. पन फायदा लई मोठा. वॉर्डात एक खाट रिकामी न्हाई! आन् एक बी पेशंट कण्हत न्हाई, म्हंजी उपचार झकास!" मी प्रवेश घेतला.

वॉर्डात जायची वेळ आली तेव्हा खाटा होत्या, चादरी होत्या, पेशंट तेवढे नव्हते. वॉर्डबॉयनं हसत खुलासा केला. मामा कॉलेज बघायला गेले तो नेमका सरकारी तपासणीचा दिवस होता; गावोगावची धडधाकट माणसं टेम्पोत भरून, जेवू घालून खाटांवर झोपवली होती. ऑडिट आलं की स्वतःच्या कारखान्यातल्या झाडांना गेरू फासणारा माणूस, पण इथं साफ फसला. पेशंटच नसतील तर मी डॉक्टर होणार कशी? फोनवर मी रडले, भांडले. "माझं चुकलं," एवढंच मामा म्हणाले.

पुढच्या गुरुवारी ते जीप भरून खरी दुखणी घेऊन आले. ऊसतोडीवरून परतलेल्यांच्या कंबरा, म्हाताऱ्यांचा दमा. मग दर गुरुवारी येऊ लागले. वाटेत कॉलेजचं असं कौतुक करायचे, की जणू त्यांनीच बांधलंय. जीप भरली नाही तर स्वतः पोट दुखतंय म्हणून खाटेवर आडवे व्हायचे आणि आम्हा पोरींकडून पोट तपासून घ्यायचे. "हळू दाबा, कनीक न्हाई ती!" मला लाज वाटायची आणि त्यांच्यावर जीवही जडायचा.

शेवटच्या वर्षी असाच त्यांच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला आणि तो तिथंच थांबला. लिव्हर हाताला लागत होतं, दगडासारखं. मी पुन्हा चाचपून पाहिलं. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"घावलं काय?"

मी नुसती मान हलवली. मग मागं उभ्या असलेल्या माझ्या मैत्रिणींना त्यांनी हाक मारली.

"या गं समद्या. आज खरं दुखनं हाय. नीट शिकून घ्या."