निळीचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, उरलेलं अर्धं तिनं कधी विचारलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गल्लीतले नाही.

मी विज्ञानाचा शिक्षक, आता निवृत्त. शाळा सुटली तरी उपदेश करायची खोड सुटली नाही, म्हणून गल्लीमागचा नाला साफ करायचं मनावर घेतलं. दर रविवारी सकाळी पंधरा-वीस जण घमेली-फावडी घेऊन उतरायचे. प्लास्टिक, चिंध्या, देवांचे फुटके फोटो — काय काय निघायचं! मी काठावर उभा राहून सगळ्यांना कामाला लावायचो. हो, काठावरच.

कचरा निघाला, पण वास जाईना. गल्लीतलं पावसाळी गटार जिथं नाल्यात उघडतं, त्या तोंडातून काळं पाणी यायचं. भर मे महिन्यात. पाऊस नाही, तर त्या गटारात पाणी कुठून? म्हणजे कुणीतरी घरातली घाण त्यात सोडलेली. हे गल्लीला मीच समजावलं. ती सोडणारा सापडत नाही तोवर नाला कितीही उपसा, काय उपयोग?

शोधायची युक्तीही माझीच. प्रत्येकानं आपल्या संडासात नीळ ओतायची — कपड्यांची साधी नीळ — आणि वर दोन बादल्या पाणी. दोघांनी गटाराच्या तोंडाशी बसून राहायचं. ज्याचं पाणी निळं, त्याची घाण. लोकांना फार आवडलं. सर ते सरच, म्हणाले.

आता इथंच थांबावंसं वाटतंय. पण सांगायला बसलोच आहे, तर — आमच्याच संडासाचा पाइप त्या गटारात होता. मैल्याची टाकी सारखी तुंबायची. तेव्हा गवंडी म्हणाला होता, थेट गटाराला जोडून देऊ का? मी नाही म्हणालो नाही. मग ही युक्ती काढलीच कशाला? खरं सांगू? बोलायच्या भरात. बोलून झाल्यावर लक्षात आलं, काय करून बसलो.

आमची पाळी आली तेव्हा नीळ मी मोरीत ओतली. मोरीचं पाणी परसातल्या शोषखड्ड्यात जातं, गटाराशी त्याचा संबंध नाही. बायको दारात उभी होती. तिनं ते पाहिलं.

गटाराच्या तोंडाशी कुणाचंच निळं पाणी आलं नाही. राहिला इंदूबाईंचा गोठा. इंदूबाई आमच्या शेजारच्या. नवरा गेल्यापासून तीन म्हशींवर घर चालवत होत्या. त्यांनी पाण्यात नीळ कालवून अख्खा गोठा धुतला. तरीही निळं काही आलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळेच सुटले, मग घाण कुणाची?

आणि मी म्हणालो, "शेण नीळ शोषून घेतं. रंग दिसणार नाही."

असं मी कुठंही वाचलेलं नव्हतं. तिथल्या तिथं रचलं. आयुष्यभर ज्या तोंडानं मुलांना 'आधी पुरावा दाखवा' म्हणत आलो — त्याच तोंडानं. इंदूबाई एवढंच म्हणाल्या, "शेण तं उकिरड्यावरच जाते सर माह्यं." मग माझ्याकडे पाहून त्यांनी मान डोलावली. सर म्हणतात म्हणजे असेल, असं त्यांना वाटलं असणार. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात शिकला होता.

गल्लीनं ठरवलं, गोठा हलवायचा. दुसरी जागा त्या कुठून आणणार? म्हशी विकायला काढल्या, आणि पंधरा दिवसांत सुलतानपूरचा एक गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आला. शेवटची म्हैस काही केल्या चढेना, तेव्हा इंदूबाईंनीच तिला थोपटून, बोलून बोलून चढवली. मी खिडकीत होतो. खाली जाऊन दोन वाक्यं बोलायची होती — फार नाही, दोनच. टेम्पो वळेपर्यंत खिडकीतच उभा राहिलो.

याहून वाईट पुढं आहे. त्याच आठवड्यात मी गवंडी बोलावला आणि पाइप परत टाकीला जोडून घेतला. शेजाऱ्यांना सांगितलं, फरशी बदलतोय. आठ दिवसांत गटाराचं तोंड कोरडं पडलं. झालं — म्हशी गेल्या आणि घाण गेली, याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? गल्लीनं माझा सत्कार केला. शाल मी घेतली, नारळही घेतला.

इंदूबाई आता लोकांच्या शेतात तण निंदायला जातात. आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, नाल्यावर सगळ्यांच्या आधी येतात. कुणी बोलावत नाही. नेमक्या त्या गटाराच्या तोंडाशी उतरतात, साठलेला गाळ हातानं काढतात. एकदा न राहवून मी म्हणालो, राहू द्या, दुसरं कुणी करेल.

"माह्याच म्हशीनं घाण केली होती न सर," त्या म्हणाल्या. "मलेच काढू द्या."

खाली उतरून त्यांचा हात धरता आला असता. तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी काठावरूनच घमेलं पुढं केलं आणि त्यांनी त्यात गाळ टाकला. तेव्हापासून दर रविवारी मी ते घमेलं धरतो. येत्या रविवारीही धरीन.