एसटीनं न आलेला डबा

भाऊसाहेबांनी तोंडातला घास कागदावर थुंकला, कागदाची चौकोनी घडी घातली आणि ती माझ्या हातात दिली.

"जा, टाकून ये. आन् हात धू."

थुंकले ते. हात धुवायचे मी. घडी मात्र झकास होती. हेडक्लार्क माणूस, कागद वेडावाकडा दुमडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ती ओली घडी घेऊन मी जिना उतरलो आणि औरंगपुऱ्याच्या भर दुपारच्या गर्दीत उभा राहिलो. कचराकुंडी समोर होती. तरी बराच वेळ घडी धरून होतो. वाटत होतं, वरून कुणी तरी हाक मारेल, अरे गंमत केली, ये वर. कुणी मारली नाही.

हे घडलं कसं ते सांगतो. मजेदार आहे. मला तर सांगताना नेहमीच मजा येते.

मी मेंढपाळाचं पोर. आईबाप आठ महिने मेंढरांमागं, मी बोर्डिंगात. बी. कॉम. झालो आणि बियाण्यांच्या एका घाऊक दुकानाच्या ऑफिसात चिकटलो. टेम्पररी. खोली शोधायला लागलो तर प्रत्येक दारात दोनच प्रश्न: गाव कोणतं, आडनाव काय. तिसऱ्या प्रश्नापर्यंत कुणी येऊच देईना. शेवटी शहागंजच्या मागच्या गल्लीत एका बाईनं वेगळंच विचारलं.

"खाते क्या तुम?"

"काय पण," मी म्हणालो.

"फिर हमारे में खाओ. एक आदमी के वास्ते अलग चूल्हा नक्को."

या खाला, म्हणजे मावशी. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, त्यांना मी चाचा म्हणायचो. दोन वर्षं त्यांच्या दस्तरखानावर, जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या चादरीवर, जेवलो. चाचा जेवताना बोलत नसत, मी गप्प बसत नसे, त्यामुळं जोडी जमली. नळाला पाणी आलं की माझी बादली आधी भरायची, कारण मी "नौकरीवाला". खाला ज्वारीची भाकरी थापायच्या. परातीत फिरणारा तो हात पहिल्यांदा बघितला आणि मी चुलीपाशीच बसलो. आईचा हात. तीच चाल, तीच पोळलेली बोटं.

रोज सकाळी खाला डबा द्यायच्या. दोन भाकरी, खट्टी डाळ, कधी वांगं, कधी अंबाडी. ऑफिसात दुपारी आम्ही गोल बसायचो आणि सगळ्यांचे डबे मधे सरकवायचो. पहिल्याच दिवशी भाऊसाहेबांनी माझी भाकरी तोडली.

"लई झ्याक! कुणाच्या हातची रं?"

"आईच्या," मी म्हणालो. "एसटीनं डबा येतो गावाहून."

आपल्याकडं येतातच तसे. शहरात शिकणाऱ्या पोरांचे डबे सकाळच्या गाडीनं, कंडक्टरच्या भरवशावर. त्यामुळं कुणाला शंका आली नाही. मग काय, मी नाटकच उभं केलं. कधी गाडी पंक्चर, कधी कंडक्टर नवखा, त्यानं डबा हर्सूललाच उतरवला. कंडक्टरची नक्कल अशी करायचो की लोक ठसका लागेपर्यंत हसायचे. टायपिस्टबाईंनी डाळीची कृती लिहून घेतली. मी ती खालांना विचारून आणली आणि आईच्या नावानं सांगितली. भाऊसाहेब बोटं चाटत म्हणायचे, "अशी भाकर फक्त आपल्यातच व्हती. त्या लोकांना काय जमतंय?"

मी मान डोलवायचो.

मग रमजान आला. खालांचा रोजा, चाचांचा रोजा, माझा डबा चालूच. मी नको म्हणालो तर खाला भडकल्या. "रोजा मेरा है. तेरा पेट कायकू बंद रखना?" पण रोज्यात त्या डाळीचा थेंब जिभेला लावत नसत. मीठ अंदाजानं. संध्याकाळी विचारायच्या, "नमक कैसा था रे?" मी म्हणायचो, एक नंबर.

पहिला रमजान असाच निभावला. दुसऱ्या वर्षी एक दिवस अंदाज चुकला. डाळ खारट. भाऊसाहेबांनी तोंड वाकडं केलं.

"आज आईचं ध्यान कुठं व्हतं?"

मी रंगात आलो होतो. ऐकणारी तोंडं समोर दिसली की माझी जीभ माझी राहत नाही. हसत हसत म्हणालो, "रोज्यात चाखत नाहीत हो, मग होतं असं."

बोललो, आणि मग स्वतःच ऐकलं. टायपिस्टबाईंनी हातातली भाकरी झाकणावर ठेवली.

"कुणाचा रोजा?" भाऊसाहेबांनी भरल्या तोंडानं विचारलं.

मी सांगितलं. मग तो घास, तो कागद.

परत वर गेलो तेव्हा शिपाई टेबल पुसत होता. माझा डबा खिडकीबाहेरच्या पत्र्यावर ठेवला होता. चार वाजता भाऊसाहेबांनी बोलावलं. आवाज मऊ. मला तोच जास्त लागला.

"हे बघ, तुला कायम करायची फाईल माझ्याकडं हाय. मुकुंदवाडीला माझ्या चुलतभावाची खोली रिकामी हाय. रविवारी सामान हलव. मारुतीला नारळ फोड, सगळ्यांना खोबरं वाट. इषय संपला. व्हय का नाय?"

"व्हय," मी म्हणालो.

अशा गोष्टीत माणूस इथं टेबल उलटवतो. मी "व्हय" म्हणालो. वर "उपकार झाले" असंही म्हणालो.

संध्याकाळी रोजा सुटला. खालांनी माझ्यापुढं खजूर सरकवले. मी म्हणालो, खोली सोडतोय, मुकुंदवाडीला चाललो, ऑफिस जवळ पडतं.

"मुकुंदवाडीसे औरंगपुरा दूर पडता रे," चाचा म्हणाले. दस्तरखानावर त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

खालांनी वर बघितलं नाही. "मेरेकू मालूम था. चार लोगां में बैठके खाता तू. इसलिए गोश्त कब्बी नै डाली मैं. तेरे डब्बे का पतीला अलग, चमचा अलग. नाम भी नै बताया होएंगा तू मेरा. नक्को बता. नौकरी संभाल."

दोन वर्षं. जे आज थुंकले, त्यांच्यासाठी ही बाई वेगळं पातेलं घासत होती. आणि मी तिचं नाव पुसत होतो, तिला माहीत असताना.

मी खजूर परत ताटलीत ठेवले. आई आठवली. भाऊसाहेबांसारख्यांच्याच रानात आमची मेंढरं बसायची, खतासाठी. आई त्यांच्या दारात पाण्याला गेली की तिला ओट्याखाली उभी करायचे आणि शिळी भाकरी वरून पदरात टाकायचे. लेंड्या चालायच्या. बाई चालायची नाही. मी ऑफिसात आईचं नाव सांगून गोलात बसलो होतो, आणि आई स्वतः आली असती तर तिला त्यांनी जिन्यातच थांबवलं असतं. एकीला लपवून दुसरीच्या नावानं जागा मिळवली. जागा दोघींनाही नव्हती. आणि मलाही कुठं होती?

दुसऱ्या दिवशी डबा घेतला. माझ्या नेहमीच्या जागी बसलो, झाकण उघडलं आणि नाटक न करता बोललो.

"हा डबा आईचा नाही. कधीच नव्हता. शहागंजच्या खालांचा आहे. दोन वर्षं तुम्ही त्यांच्या हातचं खाल्लं आणि तुम्हाला आवडलं. मी खोली सोडणार नाही. नारळ फोडणार नाही."

भाऊसाहेब उठले. मग एकेक. टायपिस्टबाई शेवटी. झाकण त्यांनी दोनदा उघडून लावलं. तरी उठल्याच.

मी एकटा जेवलो. महिनाअखेर मला कमी केलं. भाऊसाहेब सन्मानानं निवृत्त झाले. चाचा गेले, खाला लेकीकडं परभणीला गेल्या, तिथंच वारल्या. आता मुकुंदवाडीलाही आडनाव विचारतात, आणि शहागंजलाही.

ही हकिकत मी चारचौघांत सांगतो. एसटीच्या कंडक्टरला लोक अजून पोट धरून हसतात. मग शेवटी कुणी तरी हळूच विचारतं, "पण खरं सांगा, मटण घालत नव्हती कशावरून?" तीस वर्षं हाच प्रश्न. पूर्वी मी खुलासे द्यायचो, शपथा घ्यायचो. बंद केलं. माणसं बदलतील असं मला आता वाटत नाही.

पण माझ्या ताटातलं कुणी रांधलं, ते मी पहिल्या घासाआधी सांगणार. नावानिशी. ज्याला उठायचं त्यानं उठावं. मी थांब म्हणणार नाही.