कोपरापर्यंत हात घालणारा माणूस

"वरचा कापूस सारेच चांगला ठेवतात," असं म्हणत तो शेतकऱ्याच्या भरलेल्या बैलबंडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा. कळंबच्या आमच्या सरकी काढायच्या जिनात कापूस पारखायचं काम त्याचं, लिहायचं माझं. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. हा देवाचा प्रसादसुद्धा हुंगून तोंडात टाकायचा.

छप्पन सालच्या धर्मांतरानंतरच्या हंगामात शेजारच्या गावाहून बौद्ध झालेली तीन कुटुंबं आली. मेलेली ढोरं ओढणार नाही म्हणाली, म्हणून गावानं त्यांचं पाणी तोडलं होतं. जिनामागची रिकामी शेड ती मागत होती. मालक नागपूरला, किल्ली याच्याकडे.

"गावानं हाकललं असं सारेच सांगतात. तुमी काय केलं, ते सांगा."

"ढोर ओढलं नाही, बाबू," त्यांच्यातली म्हातारी म्हणाली.

"अन् गठुड्यात काय लपवून राह्यली?"

तिनं गाठोडं पुढे केलं. यानं तळापर्यंत हात घातला. "जवारीच हाये," म्हणाला आणि जरा हिरमुसलाच. मग शेड उघडून दिली.

भरवसा मात्र कधी ठेवला नाही. सरकीच्या कोठाराला त्यानं दुसरं कुलूप लावलं. मी हसून विचारलं, "एवढा संशय हाये, तं ठेवता कायले?"

"भरवसा नाही म्हून तहानेनं मारू काय?" तो माझ्यावर खेकसला. त्या दिवशी तो मला फार आवडला.

पुढे त्या गावचा पाटील आला. "आमची माणसं परत पाठवा. नाहीतर आमची एक बंडी इथं येणार नाही."

"त्याइले पाणी भरू देता काय?" यानं विचारलं.

पाटील उठून आपल्या बंडीकडे निघाला.

"मंग नाही पाठवत."

बंड्या खरंच थांबल्या. मालकानं येऊन यालाच काढून टाकलं. जाताना शेडची किल्ली माझ्याकडे देत त्यानं विचारलं, "तू ठेवशील त्याइले?"

"ठेवीन," मी म्हणालो. त्याला ते पटलं नाही, हे दिसत होतं. मला रागच आला.

तो गेला, पुन्हा कळंबात दिसला नाही. मालकाचा निरोप आला तेव्हा शेड रिकामी करा म्हणून सांगायला मीच गेलो. त्याचा संशय खरा ठरवला, याची लाज अजून जात नाही.

म्हातारीनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "लेकरं पाणी पिऊन घेतात, मंग निघतो. चालते ना, बाबू?"