तपासणीत निघालेला कोयता

पुण्याच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीसाठी पट्टा काढून मी पँट धरून उभा होतो. पुढचे आजोबा बोलण्यावरून आमच्या बीडकडचेच. टोपीसुद्धा नीट घडी करून त्यांनी ट्रेमध्ये ठेवली.

जवानानं विचारलं, "एकटेच का?"

"न्हाई, एक कोयता हाय."

झालं! त्यांची पिशवी यंत्रातून दोनदा काढली. कोयता सापडेना आणि विमानाची वेळ होत आली. शेवटी एका हातानं पँट सावरत मीच म्हणालो, "साहेब, दुष्काळात आमच्याकडची माणसं सहकारी साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. तिथं नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात."

जवान हसला. "जा बाबा, विमान सुटेल."

आजोबा हलेनात. आजी अजून बायकांच्या तपासणीच्या पडद्याआड होत्या.

"अर्ध्या कोयत्याला कारखान्यावर कुनी पुसत न्हाई," ते म्हणाले, "इमानात कावून घेतील?"