आल्बिनाचं कोरं करकरीत पेन

मित्सी पेर्कोने एकतीस वर्षं प्युएब्लो गावातल्या लोकांचे दात साफ केले, आणि निवृत्त झाल्यावर त्याच लोकांची गांजाची पेनं साफ करायला बसली. हत्यारं तीच. दंतवैद्याने निरोपाला केक कापला, घड्याळ दिलं, टाळ्या वाजवल्या. वाकड्या टोकाच्या कोरण्या मात्र तिने आपल्या हाताने पर्समध्ये टाकल्या. तेवढा आपला हक्क आहे, असं तिचं म्हणणं.

रमीरो आर्चुलेटाच्या चिलीम-पायपांच्या दुकानात खिडकीशी तिचं टेबल होतं. आता चिलीम कोण ओढतो म्हणा. गावाला गांजाच्या अर्काचा नाद लागलेला. मेणासारखा चिकट अर्क, तांदळाच्या दाण्याएवढा पेनाच्या वाटीत ठेवायचा, बटण दाबायचं, वाटी तापली की वाफ ओढायची. धूर नाही, राख नाही, पडद्यांना वास नाही. फक्त तो चिकटपणा नळीत जाऊन बसतो, आणि लोक सहा-सहा महिने आत डोकावत नाहीत.

"हे पेन आहे की गटार?" मित्सी विचारायची.

"अगं, रोज साफ करतो," मिलमधून रिटायर झालेला एर्नी म्हणायचा.

"दातांबद्दलही हेच सांगायचास. तेव्हाही खोटं बोलायचास."

शिव्या खायला लोक लांबून यायचे, कारण पेन मात्र नव्यासारखं परत मिळायचं. वाटी कोमट असतानाच कोरड्या कापसाच्या काडीने पुसा, ओठांना लावायची काचेची तोटी आठवड्याला स्पिरिटात टाका, वाळू द्या, मग एकदा रिकामीच तापवा. आणि बॅटरीला स्पिरिट दाखवलंत तर माझ्याकडे येऊ नका. एवढंच तर शास्त्र. पण लोक बॅटरीसकट सगळं रात्रभर भिजत घालायचे आणि सकाळी रडत यायचे. तोटीवरच्या किटणावरून माणूस ओळखता येतो, अशी मित्सीची ठाम समजूत होती. कोण घाईत ओढतो, कोण लपून ओढतो, कोण बायकोचं पेन चोरून वापरतो, सगळं तिला दिसायचं. या समजुतीचा तिला जरा माजच होता, हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे तो उतरणार आहे.

या धंद्यावर कुणाचा खरा राग असेल तर तो आल्बिना मोहारचा. आल्बिना म्हणजे मित्सीची नणंद, तिच्या मेलेल्या नवऱ्याची, लुईची थोरली बहीण. चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष, आणि दोन गल्ल्या पलीकडे राहूनही मित्सीच्या घरात काय शिजतंय हे जाणणारी. लग्नाच्या दिवसापासून तिचं एकच पालुपद होतं. पोटीत्सा करायची, म्हणजे अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला त्यांच्याकडचा सणाचा गोड पाव करायचा, तर पोळी इतकी पातळ लाटावी की खालचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. मित्सीच्या पोळीखालून मथळासुद्धा दिसायचा नाही. चाळीस ईस्टर आणि चाळीस नाताळ आल्बिनाने हे सगळ्यांसमोर सांगितलं. पेनांचं टेबल लागल्यावर 'जाड लाटणारी'च्या जोडीला 'चरशी'ही आलं.

आणि मग आल्बिनाच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधाच्या सलाइनी सुरू झाल्या, आणि तिचं खाणं बंद पडलं. हिरव्या मिरचीच्या रश्श्याचा वास शेजारच्या घरातून आला तरी उलटी. टोमणे मारायचेही बंद झाले, तेव्हा मित्सी घाबरली. नर्सने स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या गुरुवारी काटा चौऱ्याण्णव पौंडांच्या खाली गेला तर औषध थांबवावं लागेल. आणि जाता जाता असंही म्हणाली, की गांजाने काहींची भूक परत येते, डॉक्टरांची ना नाही.

"मी मरेन, पण ते तोंडाला लावणार नाही," आल्बिना म्हणाली.

"मर की. पण चर्चच्या जेवणाला तुझ्या नावाने पोटीत्सा मी करणार. जाड."

आल्बिनाने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "लहानसं आण. कुणाला दिसायला नको."

मित्सीने रमीरोचं अख्खं कपाट उलथंपालथं केलं. तारेच्या गुंडाळीवाली पेनं बाद; ती चुलीसारखी भडकतात, म्हातारीचा घसाच जळेल. स्पर्शाने चालणारी बाद; आल्बिनाची बोटं थरथरतात, ते दिवसभर चालू-बंद होत बसेल. शेवटी चिनी मातीची वाटी, काचेची तोटी आणि एकच ठसठशीत बटण असलेलं एक पेन निघालं. त्यावर तिने सगळ्यात मंद आच लावली, हिरवा दिवा.

"सगळ्यात साधं घेतलंस," रमीरो म्हणाला.

"सगळ्यात कटकट्या बाईसाठी घेतलंय," मित्सी म्हणाली.

आल्बिनाला तिने शिकवलंही नीट. पाच वेळा दाबलं की चालू होतं, मग बटण दाबून धर, ओठ लाव आणि सावकाश ओढ. सूप ओढतेस तसं फुर्रकन नाही. आल्बिनाने मान डोलावली आणि तिला खोलीबाहेर काढलं. हे काम ती कुणासमोर करणार नव्हती. मारियामातेच्या मूर्तीवरसुद्धा तिने रुमाल टाकला होता.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. काही होत नाही. मित्सीने पेन आणलं, उघडलं. अर्काचा दाणा वाटीत जसाच्या तसा. टेबलावर घेऊन तापवलं तर झकास चाललं. तिने वाटी बसते त्या पेचाचे आटे पुसले, वाटी बदलली, परत नेऊन दिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मित्सीने बॅटरी बदलली. चौथ्या दिवशी पुन्हा. दुकानात गुणी बाळ, घरी गेलं की मुकं.

"पेन मात्र किती स्वच्छ ठेवलंय बघ," मित्सी रमीरोला कौतुकाने दाखवायची. "शिका काहीतरी. तोटीवर डाग नाही." किटणावरून माणूस ओळखणारी बाई! डाग नाही म्हणजे वाफच गेली नाही, हे तिच्या टाळक्यात शिरलं नाही. आल्बिना मुळातच टापटिपीची, असं ती धरून चालली.

मंगळवारी आल्बिना शहाण्णववर आली होती. मित्सीने सूप पुढे केलं. आल्बिनाने दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं.

"तुझं यंत्र खोटं आहे," ती पुटपुटली. "तू पण खोटी."

मित्सी बाहेर जाऊन जिन्यात बसली. शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर रडूच आलं. लुई गेला तेव्हा आल्बिना तीन आठवडे तिच्या घरी येऊन राहिली होती, भांडत भांडत, पण राहिली होती. तेव्हा जेवली नाहीस तर थोबाड फोडीन, असं म्हणून तिने मित्सीला भरवलं होतं. मित्सी उठली आणि दार न वाजवता सरळ आत घुसली.

मूर्तीवर रुमाल. पलंगावर डोळे मिटून आल्बिना. हातात पेन, अंगठा बटणावर. बटण एकदा दाबलं आणि ओठ हलू लागले, 'नमो मारिये, कृपापूर्णे'पासून थेट आमेनपर्यंत. मग दुसऱ्यांदा दाबलं. पुन्हा नमो मारिये, पुन्हा आमेन. तिसऱ्यांदा दाबलं.

मित्सी पुढे धावली.

"आल्बिना! हे काय करतेस?"

"पाच वेळा दाब म्हणालीस ना?" आल्बिना दचकून म्हणाली. "सैतानाचं बटण आहे. दर दाबण्याला एक प्रार्थना नको?"

"अगं बये! पाच वेळा दोन सेकंदांत दाबायचं! तुझी दुसरी मारिया संपेपर्यंत ते पहिलं दाबणं विसरून जातं!"

"हे कोणी सांगितलं मला?"

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. दुकानात येणाऱ्या सगळ्यांना ते माहीतच असायचं. आणि जन्मभर जपमाळेचे मणी ओढलेला अंगठा कधी घाई करत नाही, हे मित्सीला तरी कुठे माहीत होतं? ती पलंगावर बसली आणि इतकी हसली की तिचा खालचा कवळीचा दात हलला. दात साफ करणारीचे दात.

"प्रार्थनेशिवाय मी दाबणार नाही," आल्बिना हटून बसली.

"मग नको ना दाबूस तशी. आधी टकटकटकटकटक. दिवा लागला? आता धरून ठेव आणि म्हण तुझी मारिया. आमेनला ओढ."

वाटी तापायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ आल्बिनाच्या एका प्रार्थनेला लागतो, असं निघालं. आमेन झालं, आल्बिनाने ओढलं, थोडी खोकली, आणि पांढरी वाफ मूर्तीच्या रुमालावरून तरंगत गेली.

अर्ध्या तासाने आल्बिना म्हणाली, "घरात काय आहे?"

मित्सीने रविवारी आपण करून आणलेली पोटीत्सा कापून आणली. आल्बिनाने एक तुकडा खाल्ला. थांबली. मित्सी बादली घेऊन तयार होती. आल्बिनाने दुसरा तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, एका डोळ्याने पाहिला.

"जाड लाटलीस," ती म्हणाली. "नेहमीसारखी."

मित्सीने बादली खाली ठेवली. "हो. जाड आहे," ती म्हणाली, आणि एवढ्या चाळीस वर्षांत पहिल्यांदाच उलट बोलली नाही.

गुरुवारी काटा साडेपंच्याण्णववर थांबला. नर्सने विचारलं, काय खाल्लंत. "भावजयीची वाईट पोटीत्सा," आल्बिना म्हणाली. औषध चालू राहिलं.

शुक्रवारी पेन मित्सीच्या टेबलावर आलं. काचेच्या तोटीवर पिवळसर, चिकट, ओंगळ थर बसला होता, आणि वाटीच्या कडेला पावाचा कणसुद्धा अडकला होता. एवढं घाण पेन एर्नीनेही आणलं नव्हतं. मित्सीने तोटी खिडकीशी उजेडात धरली.

"काय झालं?" रमीरोने विचारलं. "शिव्या नाहीत आज?"

"थांब जरा," मित्सी म्हणाली. "बघू दे."

मग डोळे पुसून तिने कोरणी उचलली आणि आल्बिनाला नावं ठेवत पेन साफ करायला घेतलं. संध्याकाळपर्यंत ते परत पोचायला हवं होतं.