वाऱ्याला घातलेला बांध

आम्ही जुने दोस्त जमलो की दत्तोपंतांचं विमान निघतंच. खरं विमान फार उडालं नाही, पण त्याच्या गोष्टी अजून खाली उतरायला तयार नाहीत!

दत्तोपंत इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात वर्कशॉपचे इंजिनिअर. मी त्यांच्या हाताखाली ड्राफ्ट्समन. परदेशी मासिकातलं चित्र बघून त्यांनी लाकूड-कापडाचं एकट्यापुरतं विमान बांधलं. इंजिन मोटारसायकलचं, एकामागे एक दोन सिलिंडर. पुढचा वाऱ्यात, मागचा त्याच्या आडोशाला. जागेवर चालवून पाहिलं, तर मागच्यातून तेल जळल्याचा वास आणि धूर!

विमान उभं होतं तो माळ शेजारच्या शेतकरी तात्यांचा. धोतराचा सोगा नाकाला लावत तात्या म्हणाले, "पंत, ह्ये इमान हाय का गुऱ्हाळ?"

* * *

दत्तोपंतांनी इंजिनाच्या आवरणाचं वारा घ्यायचं पुढचं तोंड मोठं केलं. जास्त वारा, जास्त गारवा! उडाले. माळाचं टोक ओलांडलं आणि इंजिन जाम. विमान तात्यांच्या ज्वारीत चाकं मोडून बसलं.

आम्ही धावलो. कपाळावरचं रक्त पुसत दत्तोपंत इंजिनाकडंच बघत होते. "आत शिरलेला वारा गेला कुठं?"

"वाऱ्याचं ऱ्हाऊ द्या," तात्या ओरडले, "तुमी हायसा का, त्ये बघा आधी!"

* * *

दत्तोपंतांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, अबोला धरला. इकडं विमान दुरुस्त झालं. दत्तोपंतांनी वहिनींच्या विणकामातली लाल लोकर कापून सिलिंडरभोवती धागे बांधले आणि इंजिन सुरू केलं. पुढचे धागे फडफडले, मागचे नुसते लोंबत राहिले. वारा बाजूनं पसार होत होता.

घरी अर्धवट स्वेटर बघून वहिनींचा अबोला सुटला. "मला न विचारता?"

"तेच तर!" दत्तोपंत म्हणाले. "वारासुद्धा सिलिंडरला न विचारताच जातोय!"

* * *

मग घासलेटच्या डब्यांचे पत्रे कापले. ते असे बसवले, की वाऱ्याला सिलिंडरला घासूनच जावं लागावं. खाली बाहेर पडायची वाटही रुंद केली. आतला वारा बाहेर पडला नाही, तर नवा येणार कुठून? एवढं कळायला एक विमान मोडावं लागलं.

"ह्ये काय वो?" तात्यांनी विचारलं.

"वाऱ्याला बांध घातलाय, तात्या."

तात्यांचा ऊस कालव्याच्या पाण्यावर, आणि ते सरकार ठरवेल त्याच दिवशी मिळायचं. गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "सरकारला कळू दिऊ नगा. वाऱ्याची बी पाळी लावत्याल!"

* * *

पुन्हा उडायच्या सकाळी वहिनी माळावर आल्या. वाटलं, अडवणार. त्यांनी एवढंच विचारलं, "मागचा आता तापणार नाही ना?"

"नाही," दत्तोपंत म्हणाले. आवाज जरा कापराच होता.

विमान उठलं. माळ, ज्वारी, ओढा ओलांडून वळलं. सगळे कान देऊन ऐकत होते. वहिनींनी तर डोळेच मिटले होते. इंजिन एका सुरात चालत राहिलं.

उतरल्याबरोबर वर्कशॉपची सगळी मंडळी इंजिनाकडं धावली. जळका वास नाही, धूर नाही! "तापलं नाही!" मी ओरडलो. "वहिनी, इकडं या, बघा तरी!"

वहिनी आल्याच नाहीत. दत्तोपंतांचा हात घट्ट धरून त्या तिकडूनच म्हणाल्या,

"इंजिनाचं राहू द्या भाऊजी. इथं हे बघा, केवढे गार पडलेत!"