उणे बारा केल्विनचं आकाश

उत्तर आलं उणे बारा केल्विन. मी तीनदा आकडेमोड तपासली. तेच. केल्विनची मोजणी सगळ्यात थंड शक्य बिंदूपासून सुरू होते. त्याच्या खाली काही नसतंच.

मी भोकरदनच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. विश्वाच्या सुरुवातीची उरलेली ऊब अजूनही चहूकडून रेडिओ लहरींच्या रूपात येते. तिचं तापमान पावणेतीन केल्विनच्या जवळपास. पत्र्याचा हॉर्न, म्हणजे चौकोनी नरसाळ्यासारखा अँटेना बनवून ते आमच्या गच्चीवरून मोजायचं, हा माझा हट्ट.

रिसीव्हर फक्त कमी-जास्त दाखवतो, तापमान नाही. म्हणून त्याला आधी दोन ओळखीची तापमानं दाखवायची. एकदा हवेइतका गरम काळा फोम, आणि एकदा तोच फोम द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून, सत्त्याहत्तर केल्विनला. त्या दोघांवरून आकाशाचं काढायचं.

प्राचार्य वर आले. "सोमवारी तपासणीची कमिटी येऊन राह्यली, मॅडम. पुस्तकात आकडा हाये ना? तोच लावा."

"पुस्तकातला म्हणून लावते, सर. मोजलेला म्हणून नाही."

"मंग सामान उतरवा."

"शनिवारपर्यंत वेळ द्या."

ते सामानाला हात न लावता खाली गेले. मी होकार धरला.

नायट्रोजन धावड्याच्या शेजूळ डॉक्टरांचं. ते जनावरांचे डॉक्टर. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यात ठेवतात. आणखी मागितलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच कॅन घेऊन आले.

"कालचं संपलं का?"

"नाही, फोमच्या डब्यात आहे. झाकण होतं."

"झाकणानं काय होतं? ह्या गरमीत उडून जातं." त्यांनी लाकडी पट्टी डब्यात बुडवून काढली. तिच्यावर जेमतेम अर्ध्यापर्यंत पांढरं हिम धरलं. "तुमचा फोम वरून उघडा पडला बघा. आम्ही दर खेपेला मोजतो. न्हाई तर सगळा माल वाया."

फोमचा माथा गरम होता आणि मी त्याला सत्त्याहत्तर धरून बसले होते, म्हणून आकाश शून्याच्या खाली गेलं होतं. लाज वाटली, पण चूक सापडली म्हणून बरंही वाटलं.

तीन दिवस, ऊन चढायच्या आत, प्रत्येक रीडिंगआधी डबा काठोकाठ भरला. हवेचीही थोडी ऊब हॉर्नमध्ये शिरते, आणि हॉर्न तिरका केला की वाटेत हवा जास्त येते. त्यावरून हवेचा वाटा काढून वजा केला.

शनिवारी उत्तर आलं चार केल्विन, दोन इकडे-तिकडे.

प्राचार्यांनी कागद पाहिला. "पुस्तकाशी बराबर जुळत न्हाई."

"जुळतं, सर. आमच्या मोजणीतल्या चुकीच्या हद्दीत पावणेतीन बसतं."

त्यांनी सही केली. आता मी पहिल्याच तासाला मुलांना सांगते, मोजण्याआधी मापाचं माप घ्या.